फेसाला काटा

समुद्रफेसाला काटा असतो, हे पार्वताबाईने एकोणीस वर्षांत कधी पाहिले नव्हते.

नबीच्या दुकानातून आणलेली पुडी तिने सुपात सोडली. सहा तुकडे होते. पांढरे, हलके, विणकराच्या धोट्यासारखे दोन्हीकडे निमुळते होत गेलेले. एक बाजू नखाने खरवडता येईल इतकी ठिसूळ, दुसरी टणक. हे सगळे नेहमीचेच. पण त्यांतल्या चार तुकड्यांच्या एका टोकाला बाभळीच्या काट्यासारखी पिवळट अणी होती, आणि एकाच्या कडेला सुकलेला पातळ पापुद्रा चिकटला होता. पार्वताबाईने तो नखाने सोडवला, नाकाशी नेला, आणि उठून हात धुतले.

अमरावतीत ती डोळ्यांचे अंजन देई. सासूने शिकवले होते तसेच करी: समुद्रफेस लिंबाच्या रसात भिजवायचा, सावलीत वाळवायचा, सात दिवस खलात घोटायचा, मग गाळलेल्या तुपात कालवायचा. अमेरिकेत लढाई लागल्यापासून विलायतेला वऱ्हाडचा कापूस कितीही पुरेना. गावात घरोघरी सरकी काढायचे लाकडी रेचे चालू झाले होते. सरकी निघे आणि रुईचा भुगा हवेत उडे, तो बायांच्या डोळ्यांत जाई. सकाळी पार्वताबाईच्या ओसरीवर लाल डोळ्यांच्या वीस-पंचवीस बाया बसलेल्या असत.

तिचे घर महानुभाव पंथाचे. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, जळण चुलीत घालण्याआधी आपटून किडा-मुंगी झटकायची. रिद्धपूरच्या मठातला माणूस वर्षातून दोनदा येऊन संन्याशांसाठी अंजनाच्या डब्या घेऊन जाई. ते अंजन शुद्ध आहे का, हे कोणालाच कधी विचारावे लागले नव्हते. समुद्राचा फेस. उन्हाने वाळला, घट्ट झाला, किनाऱ्याला लागला. त्यात अशुद्ध होण्यासारखे काय होते?

ती सूप घेऊन तशीच बाजारात गेली.

नबीचे काष्ठौषधींचे दुकान त्याच्या बापापासूनचे होते. बाप जाऊन तीन वर्षे झाली होती. नबी तराजूचे पारडे पुसत बसला होता.

"नबीभाई, हे काय होय?"

"समुद्रफेस."

"अन् हा काटा?"

नबीने तुकडा पाहिला, मग रस्त्याकडे पाहिले. "असते एखाद्याले."

"सहात चाराले?"

"माल ताजा हाय, बाई. पह्यले सहा-सहा महिने लागत. आता कापसाच्या गाड्या खानदेशात रुळापर्यंत जातेत, येतानी माल घेऊन येतेत. घासून घासून काटा मोडाले येळच नाई भेटत."

"फेस ताजा कसा असन? आन् फेसाले काटा काहून असन?"

पारडे स्वच्छ झाले होते तरी नबी ते पुसत राहिला. पार्वताबाईने ते पाहिले. खरे बोलणारा माणूस पारडे दोनदा पुसत नाही, असे तिला वाटले.

शेजारच्या पेढीवरून शेषराव उठून आला. तो कापसाचा व्यापारी, आणि बाजाराच्या पंचांचा मुख्य. त्याच्या कापसाच्या गंज्या या वर्षी नबीच्या भिंतीपर्यंत येऊन पोचल्या होत्या.

"काय झालं, बाई?"

तिने तुकडा दाखवला. शेषरावाने तो उलटसुलट केला आणि चिलमीतल्या निखाऱ्यावर धरला. आधी काळा डाग पडला, मग धूर. वास आला तो शिंग जळल्यासारखा.

"हाड!" शेषराव म्हणाला. त्याने ते मोठ्याने म्हटले, आणि आजूबाजूच्या दुकानांतून माणसे आली. "हाड होय हे! पोट्टेहो, या, वास घ्या! या बुवानं गाईबैलाची हाडं घासून घासून लोकाईच्या डोयात घातली!"

"खुदाची कसम, शेषरावजी, मी काईच मिसळलं नाई."

"मंग वास कायचा येऊन राहिला? गुलाबाचा?"

लोक हसले. कोणीतरी पारडे लाथाडले. शेषरावानेच त्यांना थांबवले. तिसऱ्या आठवडी बाजाराच्या दिवशी पंच बसतील, असे त्याने सांगितले. माल पार्वताबाईने घेतला होता, तेव्हा तिने सर्वांदेखत सांगायचे, नबीने हाड विकले की नाही. विकले म्हणाली, तर नबीने त्याच दिवशी दुकान मोकळे करून गाव सोडायचे.

"तोवर दुकान बंद," शेषराव म्हणाला. "बाई, नीट पाहून सांगजा. तुमच्या शब्दावर हाय."

घरी येऊन पार्वताबाईने दार लावून घेतले. नबीने फसवले याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. शंका एवढीच होती की किती दिवसांपासून.

सासूच्या पेटीत समुद्रफेसाचा एक जुना तुकडा होता. सासू गेली तेव्हापासून तो तिथेच होता, पिवळा पडलेला, काटा नसलेला. तो नबीच्या बापानेही विकलेला नव्हता. सासूला तो तिच्या माहेरी, नागपुराकडे मिळाला होता. पार्वताबाईने त्याचा कोपरा तोडून चुलीतल्या निखाऱ्यावर टाकला. खरा समुद्रफेस कसा जळतो ते तिला पाहायचे होते, म्हणजे खोटा ओळखता येईल.

वास आला. मंद होता, पण तोच.

तिने उरलेला तुकडा पेटीत परत ठेवला. मग सोनाराकडे गेली. सोनार समुद्रफेसात ठसा उमटवून त्यात चांदी ओततात. त्याचा माल बऱ्हाणपुराहून येत असे. एक तुकडा मागून आणला, जाळला. तोच वास.

मग परसातल्या उकिरड्यावरचे बैलाचे हाड तिने काडीने ओढून काढले. समुद्रफेस आणि हाड दोन्ही पाण्याच्या घंगाळात सोडले. हाड तळाला गेले. समुद्रफेस तरंगला. नबीचे सहाही तुकडे तरंगले. लिंबू पिळले तर समुद्रफेसावर चरचरून बुडबुडे आले, हाडावर नावालाच.

म्हणजे बैलाचे हाड नव्हते. मग शिंगाचा वास कशाचा?

तिने तुकडा मधोमध कापला आणि उन्हात धरला. आत कागदापेक्षा पातळ पापुद्रे होते, एकावर एक, शेकड्यांनी, आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये केसासारखे बारीक खांब. लहान तुकडा घेतला तर त्यातही तसेच, फक्त पापुद्रे कमी. सोनाराचा, सासूचा, नबीचा, सगळ्यांचा आकार एकच, लहानमोठा असला तरी एकच. दुधावर फेस येतो, डाळीवर येतो, नदीच्या धारेत येतो. तो दोनदा सारखा आकार धरत नाही. ज्वारीचे दाणे सारखे असतात, कारण ते वाढतात. पापुद्र्यावर पापुद्रा चढवून जे लहानाचे मोठे होते, ते फेस असणार नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. नबीने फसवले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटून गेले, आणि वाटले म्हणून स्वतःचाच राग आला.

तिचा धाकटा भाऊ सूर्यभान दोन दिवसांनी कापूस घेऊन अकोल्याला निघणार होता. नबीचा माल अकोल्याच्या अब्दुल सत्तारकडून येई, हे तिला ठाऊक होते. ती गाडीत बसली.

"अवं बाई, कापसाच्या गाडीत बसून डोये बिघडतीन तुये," सूर्यभान म्हणाला. "मंग तुले अंजन कोन घालन?"

"बैल हाक."

"हाकतो. पन सांग तरी, कोनाले पकडाले चालली? नबीले का सत्तारले?"

"माहीत नाई."

"मंग बराबर हाय. दोघायनेही खाल्लं असन."

तीन दिवसांनी ते अकोल्याला पोचले. अब्दुल सत्तारचे गोदाम मिठाच्या पोत्यांनी आणि हिरड्या-बेहड्यांच्या गोण्यांनी भरलेले होते. म्हातारा होता, दाढी मेंदीने रंगवलेली. पार्वताबाईने तुकडा पुढे ठेवला तेव्हा त्याने आधी तुकड्याकडे न पाहता तिच्याकडे पाहिले.

"तुमी कोन? साहेबानं पाठवलं?"

"नाई. मी अमरावतीची. अंजन बनवतो आमी."

"मंग साहेबाचा काई संबंध नाई?"

"नाई म्हनलं ना."

"परवा त्याचा एक जन आला, म्हने हिंगात काय मिसळता. मी म्हनलं, हिंगातच मिसळतो." तो खोकला. "हे मुंबईहून मिठाच्या पोत्यात येते. मुंबईवाला म्हनते फेस, मी म्हनतो फेस, नबी म्हनते फेस. तिघायनेही समुद्र पाह्यला नाई. मुंबईवाल्यानं पाह्यला असन, पन तो सांगत नाई."

"तुमी कधी विचारलं नाई?"

"बाई, विचारून माल सस्ता होते का?" मग जरा थांबून तो म्हणाला, "नदीपलीकडं रुईच्या गाठी बांधाचा नवा दाब बसवला हाय. त्याचे दोर ओढाले समुद्रावरची मानसं आनली. तिकडं विचारा. पन माह्यं नाव नका घेऊ."

दाबावर जायला वाट विचारावी लागली नाही. वारा तिकडूनच येत होता, आणि सूर्यभानने अर्ध्या वाटेवरच नाकाला धोतराचा सोगा लावला. झोपड्यांच्या रांगेत एक दांडगी बाई दगडांच्या चुलीवर तव्यात काहीतरी भाजत होती. तिचे नाव माणिकबाई. नवरा दाबावर कामाला, गाव अलिबागेकडे.

पार्वताबाई चार हात दूरच उभी राहिली. तुकडा तिने जमिनीवर ठेवला.

"हे काय होय, तुमाले ठाऊक हाय का?"

माणिकबाईने उलथन्याने तुकडा जवळ ओढला. "हे तर माकुलाचं पाठीचं हाड. तुला कुठं गावलं गो बाय, इकडं?"

"आमी याले समुद्रफेस म्हनतो."

"फेस!" माणिकबाई इतकी हसली की तवा कलंडला. "फेस हातात घेतलास तर फुटतो गो! आमचे गावान पोरं याच्या होड्या करून सोडतात. अन् तुम्ही फेस म्हणता?"

"माकूल म्हंजे काय?"

माणिकबाईने मिठाच्या पोत्यात हात घातला आणि सुकलेले काहीतरी काढले. वीतभर लांब, तपकिरी, चपटे. एका टोकाला वाळलेल्या मुळ्यांसारख्या दोऱ्यांचा जुडगा, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. तिने सुरीने पाठ चिरली आणि अंगठ्याने दाबले. आतून पांढरा, धोट्यासारखा तुकडा घसरून बाहेर आला. टोकाला काटा होता.

पार्वताबाईच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की हे आधीच आत घालून ठेवलेले असेल. अमरावतीहून एक वेडी बाई आली होती, तिला कसे फसवले, हे संध्याकाळी दाबावर सांगून हसायचे असेल.

"दुसरं दाखवा."

"विश्वास नाय?"

"नाई."

माणिकबाईला राग आला नाही. तिने पोते तिच्याकडे ढकलले. "तूच काढ. तूच चीर."

"बाई!" सूर्यभान मागून ओरडला. "बाई, हात लावू नको! काय करून राहिली!"

पार्वताबाईने पदर खोचला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले एक काढले, मग मधले एक, मग बोटाएवढे लहान एक. आयुष्यात तिने मेलेल्या जीवाला मुद्दाम कधी स्पर्श केला नव्हता. पहिली चीर वाकडी गेली, दुसरी सरळ. तिन्हींच्या पाठीत पांढरा तुकडा होता. मोठ्यात मोठा, लहानात लहान. तिने लहान तुकडा मोडून उन्हात धरला. तेच पापुद्रे.

"हे जितं असते तवा कसं असते?" तिने विचारले.

माणिकबाई पाय पसरून बसली. तिला सांगायला आवडत होते. "आठ हात तोंडाभोवती, अन् दोन लांब, ते लपवून ठेवतं. कोलंबी दिसली की ते दोन असे सुटतात, पकडलं की आत. वाळूवर बसलं तर वाळूच्या रंगाचं, खडकावर बसलं तर खडकाचं. तू बघतेस तोवर रंग बदलतं."

"खोटं."

"मना काय खोटं बोलून मिळतंय? अंगावर पट्टे पळवतं, वाघासारखे. घाबरलं की शाई सोडतं, काळी. पाणी काळं होतं, अन् हे पळतं मागच्या मागं."

"शाई?"

माणिकबाईने चिरलेल्यातले एक पाण्याच्या भांड्यात बुडवले आणि पोटाशी चोळले. काळपट धूर निघाल्यासारखी धार सुटली आणि पाणी हळूहळू गढूळ, मग तपकिरी, मग काळे झाले. पार्वताबाईने त्यात बोट बुडवले. बोट काळे झाले, आणि धुतल्यावरही नखाभोवती रंग राहिला.

"अन् डोळे?" तिने विचारले. तिला सगळ्यात आधी हेच विचारायचे होते.

"डोळे मोठे. पण बाहुली गोल नाय गो. अशी असते." माणिकबाईने राखेत बोटाने एक रेघ काढली, लाटेसारखी, दोनदा खाली वाकलेली. "पुढचं पण बघतं, मागचं पण. जाळ्यात आलं तरी मरेपर्यंत तुझ्याकडं बघत राहतं."

पार्वताबाईने एकोणीस वर्षे डोळे पाहिले होते. माणसांचे, एकदोनदा बैलांचे, मांजराची उभी बाहुली. लाटेसारखी बाहुली असलेला डोळा तिला डोळ्यांपुढे आणता येईना. ज्याचे हाड वाटून ती लोकांच्या डोळ्यांत घालत होती, त्याला असे डोळे होते.

"याच्या हाडासाठी मारतेत का याले?"

"हाडासाठी कोन मारतो? खायला मारतात. हाड असंच किनाऱ्याला पडतं. त्यांची अंडी घालून झाली की आपोआप मरतात, अन् मग वाळूत हाडंच हाडं."

"तुमी पाह्यलं?"

"लहानपणापासून बघते."

"पन इकाले येतेत ती मेलेल्याची का मारलेल्याची, हे कसं कळन?"

माणिकबाईने खांदे उडवले. "हाडावर थोडंच लिवलंय."

दोन सुकी माकुले कापडात बांधून पार्वताबाई परत निघाली. सूर्यभानने ती गाडीच्या मागच्या खुंट्याला टांगायला लावली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने नाकावरचा सोगा काढला नाही.

"तुह्या भावजयीले सांगू नको," शेवटी तो म्हणाला. "माह्या गाडीत मासा होता म्हनून. ते गाडीच जाळन."

अमरावतीला पोचल्यावर ती आधी नबीच्या घरी गेली. दुकान बंद होते. घरात त्याची आई जहाँआरा खाटेवर बसून ज्वारी निवडत होती, आणि नबी दाराशी.

पार्वताबाईने कापड सोडले. नबीने आत पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही.

"तुमाले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"अब्बांनी सांगितलं होतं. मुंबईले गेले होते ते एकदा."

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलले? शेषराव हाड हाड म्हनत होता, तुमी नुस्तं मिसळलं नाई म्हनले."

नबी हसला, पण ते हसणे चांगले नव्हते. "काय म्हनू बाई? शेषरावजी म्हनते, नबीनं हाड विकलं. आन् मी उठून म्हनू, हो, हाडच हाय? त्यापुढचं आइकाले कोन थांबलं असतं?"

पार्वताबाईने कापडाचे टोक माकुलांवर ओढले.

"तुमी फेस मागितला, मी फेस देल्ला," तो म्हणाला. "हाड मागितलं असतं तर हाड देल्लं असतं. तोच माल. नाव मी नाई ठेवलं."

"मले तरी सांगाचं होतं. अंजन मी बनवतो."

"सांगितलं असतं तर तुमी बनवलं असतं?"

आतून जहाँआरा म्हणाली, "भांडू नका रे. बाई, तुमी बसा. याले तोंड नाई, याच्या बापालेही नव्हतं." तिने निवडलेली ज्वारी सुपात पाखडली. "उद्या तुमी काय सांगनार हाव?"

नबी लबाड नव्हता, हे सांगायचे तर एकच वाट होती, आणि ती पार्वताबाईच्याच ओसरीवरून जात होती. बैलाचे नाही म्हटले तर लोक विचारणार, मग कोणाचे? आणि ती गप्प बसली, किंवा नुसते मला कळले नाही म्हणाली, तर शेषरावाच्या गंज्या उद्याच भिंत ओलांडणार.

पंच शेषरावाच्या पेढीसमोर बसले होते. नबी उन्हात उभा. पार्वताबाई आली तेव्हा वाट करून देणाऱ्या माणसांनी नाके दाबली.

तिने पाटावर कापड पसरले, सुरी घेतली, आणि सगळ्यांच्या देखत माकुलाची पाठ चिरली. पांढरा तुकडा बाहेर काढून तिने तो पंचांपुढे ठेवला आणि शेजारी नबीचा तुकडा ठेवला. मग घंगाळात बैलाचे हाड बुडवून दाखवले आणि हे दोन तरंगवून दाखवले. सासूचा तुकडा, सोनाराचा तुकडा, सगळे. ती सावकाश बोलत होती. मागच्या लोकांना ऐकू येत नव्हते, म्हणून पुढच्यांनी गलका थांबवला.

"म्हंजे हाडच ना?" शेषराव म्हणाला.

"हो."

"झालं तर मंग!"

"बैलाचं नाई. गाईचं नाई. समुद्रातल्या एका जीवाचं. समुद्रफेस म्हनून जे सारं इकते, अमरावतीत, नागपुरात, बऱ्हानपुरात, ते सारं हेच होय. नबीनं काई मिसळलं नाई. मी मागितलं तेच त्यानं देल्लं."

"बाई," शेषरावाने आवाज खाली आणला, जणू तिच्या भल्याचेच सांगत होता, "नीट इचार करून बोला. तुमी एवढ्या लोकाईपुढं सांगून राहिल्या का तुमी आमच्या डोयात मासा घातला म्हनून?"

"हो."

"किती दिवस?"

"एकोनीस वर्षं. मले ठाऊक नव्हतं. पन घातला मीच."

कोणीतरी थुंकले. रिद्धपूरकडचा एक म्हातारा उठला, तिला पंथातला नेहमीचा दंडवत न करता निघून गेला. शेषराव कापडावरच्या जीवाकडे पाहत होता. जुडग्यासारख्या हातांकडे, खोलगट डोळ्यांकडे. मग त्याने विचारले, "हे खरंच रंग बदलते म्हनता?"

"म्हनते ती बाई. मी पाह्यलं नाई."

पंचांनी आपसांत बोलून घेतले. भेसळ झाली नव्हती, एवढे कोणालाच नाकारता आले नाही. सोनारही उभा राहून म्हणाला की त्याच्या तुकड्यालाही तोच वास येतो, आणि तो नबीचे गिऱ्हाईक नाही. नबीचे दुकान नबीकडे राहिले. शेषराव उठताना म्हणाला की दुकान उघड, पण ही चीज समोर मांडू नको. नबीने मान हलवली. जाताना त्याने पार्वताबाईकडे पाहिले, आणि मग पुन्हा रस्त्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी रिकामी होती. उंबऱ्याबाहेर अंजनाच्या अकरा डब्या ठेवलेल्या होत्या, कोणी कधी ठेवल्या ते दिसले नाही. तिसऱ्या दिवशी सूर्यभानच्या बायकोने आपली डबी एका पोरीच्या हाती पाठवली. पार्वताबाईने सगळ्या एका टोपलीत गोळा केल्या. त्या टाकायच्या की ठेवायच्या, हे तिचे ठरत नव्हते. खल तिने धुऊन पालथा घातला होता. रेचे चालूच होते, आणि भुगा नेहमीसारखाच उडत होता.

पाचव्या दिवशी गोदाबाई आली. ती शेषरावाच्या रेच्यांवर काम करी. दोन्ही डोळे सुजले होते, पापण्यांना पिवळी चिपडे चिकटली होती. ओसरीच्या पायरीवर बसत ती म्हणाली, "घाल व माय."

"गोदाबाई, तुले ठाऊक हाय ना त्यात काय हाय?"

"आइकलं. साऱ्या बाजारानं आइकलं. घरी बुढा म्हनते, गेली तर घरात येऊ नको."

"मंग?"

"दिसन तर घरी जाईन ना." तिने डोळे पुसायला पदर उचलला, मग तसाच धरून ठेवला. "पन मले एक सांग. तो जीव मेला कसा? मारला का आपोआप?"

"आपोआप मरते, म्हनते ती. किनाऱ्याले पडते."

"तिनं पाह्यलं?"

"पाह्यलं म्हनते."

"तू नाई पाह्यलं."

"मी नाई पाह्यलं," पार्वताबाई म्हणाली. "मारलेल्याचंही असन. सांगता येत नाई."

समोरून दोन बाया गेल्या, त्यांनी गोदाबाईला पाहिले आणि वेग वाढवला. तिने त्या दूर जाईपर्यंत वाट पाहिली. मग मान मागे टाकली, बोटाने आपली खालची पापणी आपणच ओढली, आणि म्हणाली,

"थोडंच घाल."